असमकालिक नेटवर्क प्रोग्रामिंगमधील जोडणी-समाप्तीचा प्रश्न : ट्विस्टेड, असिंकआयओ व ट्रायो – एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : असमकालिक प्रोग्रामिंग, त्रुटी-हाताळणी, जोडणी-समाप्ती, टीसीपी, रद्दीकरण

प्रस्तावना

संगणकीय लायब्ररीचे मूल्यमापन करताना वेग, वापरातील सुलभता आणि लोकप्रियता हे तीन निकष प्रामुख्याने पुढे केले जातात. एका सेकंदात किती विनंत्या हाताळल्या गेल्या, पहिला प्रोग्राम किती ओळींत लिहून झाला, किती जण ती लायब्ररी वापरतात, असे त्या मूल्यमापनातील प्रश्न असतात. जोडणी संपते कशी, आणि ती बिघडून संपली तर त्याची वार्ता कोणाला, केव्हा व कोणत्या रूपात मिळते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वास्तविक दीर्घकाळ अखंड चालणाऱ्या सेवेचे भवितव्य याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. दिवसाला दहा हजार जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोग्रामकडून शंभरात एक जोडणी मिटविण्याची राहून गेली, तर लिनक्सवर एका प्रक्रियेस सामान्यतः मिळणारी १०२४ फाइल-डिस्क्रिप्टरची मर्यादा अकराव्या दिवशी संपते. नंतर नवीन जोडणी स्वीकारताच येत नाही. दहा दिवस निर्दोष वाटलेला प्रोग्राम अकराव्या दिवशी ठप्प होतो आणि दोष मात्र पहिल्या दिवसापासून त्यात असतो.

प्रस्तुत लेखात पायथन भाषेतील ट्विस्टेड, असिंकआयओ आणि ट्रायो या तीन लायब्रऱ्यांची या एकाच अंगाने चिकित्सा केली आहे. तिन्ही एकाच भाषेतील असल्याने तुलनेत भाषाभेदाचा व्यत्यय येत नाही. जावास्क्रिप्टमधील नोडचा उल्लेख आवश्यक तेथेच येईल.

संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठी एवढे नमूद करणे पुरेसे आहे, की असमकालिक पद्धतीत प्रत्येक जोडणीमागे स्वतंत्र कामगार नेमला जात नाही. एकच कामगार हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतो आणि जेथे काही घडेल तेथे तेवढ्यापुरता वळतो. डॅन केगल यांनी १९९९ मध्ये एकाच संगणकावरून दहा हजार ग्राहकांना सेवा देण्याचा प्रश्न मांडला. फ्रीबीएसडीमधील केक्यू व लिनक्समधील ईपोल या सुविधा त्याच सुमारास, अनुक्रमे २००० व २००२ मध्ये, आल्या आणि ही पद्धत व्यवहार्य झाली. मात्र तिची एक किंमत होती. साध्या प्रोग्राममध्ये त्रुटी उद्भवली की ती हाक मारणाऱ्याकडे परत जाते. येथे हाक मारणारा केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. मग त्रुटी सांगावयाची कोणाला?

टीसीपीतील शेवटाची तीन रूपे

लायब्रऱ्यांना दोष देण्यापूर्वी त्या ज्या पायावर उभ्या आहेत तो पाहणे न्यायाचे ठरेल. १९८१ च्या आरएफसी ७९३ ने निश्चित केलेल्या आणि २०२२ च्या आरएफसी ९२९३ ने नव्याने संकलित केलेल्या टीसीपीमध्ये जोडणी तीन प्रकारे संपू शकते. समोरचा पक्ष ‘फिन’ पाठवून रीतसर निरोप घेतो, ‘रीसेट’ पाठवून जोडणी तोडून टाकतो, किंवा काहीच न बोलता नाहीसा होतो. वीज गेली, केबल निघाली, मधला राउटर बंद पडला, की तिसरा प्रकार घडतो.

बर्कली सॉकेटच्या संकेतांत या तीन शेवटांना तीन वेगळी व्याकरणिक रूपे मिळाली आहेत. फिन आला की वाचन-क्रिया शून्य हे मूल्य परत करते. म्हणजे शेवट हे एक सामान्य उत्तर ठरते. रीसेट आला की तीच क्रिया त्रुटी देते; म्हणजे शेवट हा अपवाद ठरतो. मौनाला मात्र रूपच नाही. केवळ वाचत बसलेल्या प्रोग्रामला ते कधीच कळत नाही. ‘कीपअलाइव्ह’ची सोय आहे, पण ती प्रत्येक सॉकेटवर मुद्दाम चालू करावी लागते आणि चालू केल्यावरही लिनक्सवर पहिली विचारणा पूर्वनिश्चित मूल्यानुसार ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ विचारणा अनुत्तरित राहिल्या तर जोडणी मृत मानली जाते.

लेखन-क्रियेबाबतचा गैरसमज याहून खोल आहे. पाठविण्याची क्रिया यशस्वी झाली याचा अर्थ मजकूर समोरच्यापर्यंत पोहोचला असा होत नाही. तो आपल्याच संगणकाच्या साठ्यात ठेवला गेला एवढाच होतो. समोरचा प्रोग्राम मेलेला असेल तर पहिले लेखन बिनबोभाट यशस्वी होते, त्याला उत्तर म्हणून रीसेट येतो आणि त्रुटी प्रकटते ती नंतरच्या क्रियेवर. चूक एका ओळीची, शिक्षा दुसऱ्या ओळीला, असा हा प्रकार आहे. डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग’ या ग्रंथात एका साध्या प्रतिध्वनी-सर्व्हरच्या आधारे सर्व्हरची प्रक्रिया मेली तर काय होते, यंत्रच बंद पडले तर काय होते, ते पुन्हा सुरू झाले तर काय होते, याची एकेक करून तपासणी केली आहे. हा भाग वर्गात बहुधा वगळला जातो; परीक्षेत त्यावर प्रश्न बसत नाही हे त्याचे सरळ कारण असावे.

आणखी एक बाब येथे नोंदविली पाहिजे. एखादी सेवा मोठी फाइल स्वीकारत असताना ती परवानगीपेक्षा मोठी असल्याचे पहिल्याच भागात तिच्या लक्षात आले, असे समजू. सेवा नकाराचा संदेश लिहिते आणि जोडणी मिटविते. परंतु न वाचलेला मजकूर साठ्यात शिल्लक असताना जोडणी मिटविली, तर फिनऐवजी रीसेट जातो. हा रीसेट पोहोचताच ग्राहकाकडे आलेला पण न वाचलेला नकाराचा संदेशही हातचा जाऊ शकतो. वापरणाऱ्याला ‘फाइल मोठी आहे’ असे दिसण्याऐवजी ‘जोडणी तुटली’ असे दिसते आणि तो तीच फाइल पुन्हा पाठवीत राहतो. एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये यासाठी ‘लिंगरिंग क्लोज’ नावाची तरतूद आहे. संदेश लिहिल्यावर सर्व्हर येणारा मजकूर ठरावीक काळ वाचून टाकून देतो आणि मगच दार लावतो. हा काळ पूर्वनिश्चित मूल्यानुसार जास्तीत जास्त ३० सेकंदांचा असतो. नीट मिटविणे हे एक लहानसे शिष्टाचारयुक्त संभाषण आहे आणि त्याला वेळ लागतो, हे यावरून दिसते. तिन्ही लायब्रऱ्यांची खरी परीक्षा या ‘वेळ लागतो’ मध्येच आहे.

ट्विस्टेड : शेवटाला मिळालेले नाव

ग्लिफ लेफ्कोविट्झ यांनी सुरू केलेली ट्विस्टेड ही २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आकारास आली. तिच्या रचनेत प्रत्येक जोडणीसाठी ‘प्रोटोकॉल’ नावाची वस्तू असते आणि तिच्या आयुष्यातील तीन प्रसंगांना तीन नावे असतात : जोडणी झाली, मजकूर आला, जोडणी गेली. तिसऱ्या प्रसंगाचे, म्हणजे ‘कनेक्शनलॉस्ट’चे, वैशिष्ट्य असे की शेवट कोणत्याही मार्गाने आला तरी तो याच दारातून येतो. रीतसर निरोप असो वा रीसेट, प्रोटोकॉलला एकच हाक जाते आणि कारण सोबत दिले जाते. सॉकेटच्या संकेतांनी विखुरलेली दोन रूपे येथे एका नावाखाली आली. चक्राकार संदर्भ येथेच तोडावेत, अशी स्पष्ट सूचनाही दस्तऐवजात आहे. ज्या काळात बहुतेक लायब्रऱ्या शेवटाकडे किरकोळ बाब म्हणून पाहत होत्या, त्या काळात ट्विस्टेडने त्याला आयुष्यक्रमातील एक प्रसंग मानले. तिचे हे श्रेय नंतरच्या टीकेच्या ओघात विसरले गेले आहे.

उणीव दुसऱ्या बाजूला आहे. जोडणी मिटविण्याची ‘लूजकनेक्शन’ ही क्रिया साठलेला मजकूर पाठवून झाल्यावरच जोडणी सोडते. हेतू सभ्य आहे. पण समोरच्याने वाचणेच थांबविले, तर मजकूर संपत नाही आणि जोडणीही सुटत नाही. मिटविण्याची आज्ञा दिली गेली, प्रोग्रामरने विषय संपला असे मानले, आणि जोडणी मात्र जिवंत राहिली. त्यासाठी ‘अबॉर्टकनेक्शन’ ही सक्तीची क्रिया नंतरच्या काळात जोडण्यात आली. तरी सभ्य निरोपाची वाट किती वेळ पाहावयाची आणि सक्ती केव्हा करावयाची, हा निर्णय प्रत्येक प्रोग्रामरवरच सोपविला गेला. असा निर्णय सोपविला की तो बहुधा घेतला जात नाही.

ट्विस्टेडच्या ‘डिफर्ड’ या वस्तूत त्रुटीसाठी स्वतंत्र मार्ग असतो. त्या मार्गावर कोणीच उभे नसेल तर त्रुटी वस्तूतच पडून राहते आणि ती वस्तू स्मृतीतून साफ होताना नोंदवहीत एक ओळ उमटते. साफसफाई केव्हा होईल हे निश्चित नसल्यामुळे ही ओळ घटनेनंतर बऱ्याच वेळाने, तिच्याशी संबंध नसलेल्या ओळींच्या गर्दीत येऊ शकते. या बाबतीत नोडची रीत कठोर आहे. तेथे ‘एरर’ ही घटना कोणी ऐकत नसेल तर संपूर्ण प्रक्रियाच कोसळते. ऑक्टोबर २०२० मधील १५ व्या आवृत्तीपासून न हाताळलेल्या प्रॉमिसबाबतही हाच नियम लागू झाला. त्यापूर्वी केवळ इशारा दिला जात असे. कोसळणे गैरसोयीचे असले तरी ते दिसते. नोंदवहीतील उशिरा आलेली ओळ कोणी वाचत नाही.

असिंकआयओ : दोन मजल्यांचे घर

गिडो व्हान रॉसम यांच्या २०१२ च्या पीईपी ३१५६ या प्रस्तावातून असिंकआयओ ही लायब्ररी जन्मली आणि २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत प्रमाण लायब्ररीत दाखल झाली. तिच्या खालच्या मजल्यावर ट्विस्टेडचीच मांडणी दिसते. यशस्वी जोडणीमागे ‘कनेक्शन_लॉस्ट’ची हाक नेमकी एकदाच येईल, अशी हमीही तेथे आहे. वरच्या मजल्यावर ‘स्ट्रीम्स’ ही सोपी मांडणी आहे. सामान्य वापर वरच्या मजल्यावरच होतो आणि तेथे पोहोचेपर्यंत ही हमी विरळ होत जाते.

त्याचा पुरावा तारखांतच आहे. ‘राइटर’ची ‘क्लोज’ ही क्रिया आरंभापासून होती. पण ती मिटविण्यास केवळ सुरुवात करते. मिटविणे पूर्ण झाले की नाही याची वाट पाहणारी ‘वेट_क्लोज्ड’ ही क्रिया आली ती २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये. मधली चार वर्षे वरच्या मजल्यावरील प्रोग्रामरला आपली जोडणी खरोखर मिटली का, हे विचारण्याचे सरळ साधनच नव्हते. उघडण्यासाठी वाट पाहण्याची सोय पहिल्या दिवसापासून आणि मिटण्यासाठी चार वर्षांनंतर, हा क्रम रचनाकारांचे लक्ष कोठे होते ते सांगतो.

ही क्रिया आल्यावरही प्रश्न सुटला नाही. तो दोन नव्या रूपांत पुढे आला. पहिले रूप असे : जोडणी त्रुटीने संपली असेल तर ‘वेट_क्लोज्ड’ ती त्रुटी पुन्हा उपस्थित करते. प्रोग्रामर ही क्रिया स्वाभाविकपणे ‘फायनली’ या आवरासावरीच्या खंडात लिहितो. मूळ त्रुटी वेगळी असेल, उदाहरणार्थ आलेला मजकूर अर्थहीन असेल, तर बाहेर पडते ती आवरासावरीतील त्रुटी. मूळ त्रुटी संदर्भ म्हणून तिच्या मागे राहते, परंतु ती प्रकारानुसार पकडू पाहणाऱ्या प्रोग्रामच्या हाती लागत नाही. घर झाडताना झालेल्या आवाजात मुख्य बातमीच ऐकू येऊ नये, तसा हा प्रकार होय.

दुसरे रूप अधिक गंभीर आहे. असिंकआयओमध्ये रद्दीकरण हा एकदाच बसणारा धक्का आहे. कामास रद्द केले की ज्या ठिकाणी ते थांबले असेल तेथे ‘कॅन्सल्डएरर’ फेकली जाते. काम ‘फायनली’मध्ये शिरते, ‘क्लोज’ म्हणते आणि ‘वेट_क्लोज्ड’वर थांबते. धक्का खर्च झालेला असल्यामुळे या दुसऱ्या थांब्यावर त्याला कोणी हलवीत नाही. समोरचा पक्ष जिवंत आहे, टीसीपीच्या विचारणांना उत्तर देतो, पण वाचत नाही, अशी स्थिती असेल तर साठलेला मजकूर जात नाही आणि प्रतीक्षा संपत नाही. आता हे काम ‘वेट_फॉर’ने दहा सेकंदांच्या मुदतीत बांधले होते असे धरू. मुदत संपल्यावर ‘वेट_फॉर’ काम रद्द करते आणि ते खरोखर थांबेपर्यंत, ३.७ पासूनच्या नियमानुसार, वाट पाहते. निष्पत्ती अशी, की दहा सेकंदांची मुदत अनंत होते. मुदत घालणाऱ्याने मुदत घातली, आवरासावर करणाऱ्याने आवरासावर केली, दोघांनीही दस्तऐवजाबरहुकूम वागणूक ठेवली, आणि तरी प्रोग्राम अडकला. हा दोष प्रोग्रामरच्या निष्काळजीपणाचा नव्हे. तो रचनेचा आहे.

नमुना-प्रोग्रामचे वाचन

दस्तऐवजातील नमुना-प्रोग्राम हेच बहुतेकांचे खरे पाठ्यपुस्तक असते. असिंकआयओच्या दस्तऐवजातील प्रतिध्वनी-सर्व्हरचा नमुना या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. तो जोडणीवरून जास्तीत जास्त १०० बाइट वाचतो, त्यांचे अक्षरांत रूपांतर करतो, ते पडद्यावर दाखवितो, मजकूर परत पाठवितो आणि शेवटी जोडणी मिटवितो. मिटविण्याच्या ओळी ‘फायनली’मध्ये नाहीत, त्या केवळ शेवटी आहेत. मधल्या कोणत्याही ओळीवर त्रुटी आली तर त्या ओळींपर्यंत प्रोग्राम पोहोचत नाही.

अशी त्रुटी येण्यास फारसे काही घडावे लागत नाही. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह – मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा अनुस्वार – तीन बाइट घेते. तेहतीस चिन्हांचे ९९ बाइट होतात. शंभरावा बाइट चौतिसाव्या चिन्हाचा पहिला तृतीयांश असतो. म्हणजे कोणी मराठीतील सलग चौतीस चिन्हे एकदम पाठविली, तर हा नमुना ती चौतिसाव्या चिन्हाच्या मध्येच कापतो आणि रूपांतराची ओळ त्रुटी देते. मजकुरात जागा व विरामचिन्हे असतील तर कापण्याचे स्थान सरकते एवढेच. इंग्रजी मजकुरावर हा दोष कधीच प्रकट होत नाही, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. अलीकडील आवृत्त्यांत अशा वेळी लायब्ररी स्वतः जोडणी मिटविते आणि त्रुटी नोंदविते, ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु नमुना पाहून शिकलेला विद्यार्थी हीच घडण डेटाबेसच्या जोडणीसाठी वापरतो, आणि तेथे ही कृपा मिळेलच असे नाही.

अशा चुकांची खूण यंत्रावर उमटते व ती वाचता येते. समोरच्याने फिन पाठविला आणि आपल्या प्रोग्रामने जोडणी मिटविली नाही, तर ती ‘क्लोज-वेट’ या अवस्थेत राहते. या अवस्थेला टीसीपीमध्ये कालमर्यादा नाही. प्रोग्राम मिटवीपर्यंत किंवा मरेपर्यंत ती टिकते. ‘टाइम-वेट’ची गोष्ट उलट आहे. ती रीतसर निरोपानंतरची विश्रांती असून लिनक्सवर ६० सेकंदांत आपोआप संपते. व्यवहारात मात्र टाइम-वेटच्या मोठ्या आकड्यांनी घाबरून यंत्रणेच्या मूल्यांत फेरफार केले जातात आणि क्लोज-वेटच्या हळूहळू वाढणाऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष होते. निरुपद्रवी लक्षणावर उपचार आणि रोगाला मोकळीक, असे हे निदान आहे. डिस्क्रिप्टर संपल्यावर असिंकआयओ नवीन जोडण्या स्वीकारणे एक सेकंद थांबविते आणि पुन्हा प्रयत्न करते. गळती चालू असेल तर हा प्रयत्न दर सेकंदाला फसत राहतो.

ट्रायो : मालकीची घडण

नथॅनियल जे. स्मिथ यांनी २०१७ मध्ये ट्रायो प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये तिच्यामागील विचार एका निबंधात मांडला. निबंधाच्या शीर्षकात डाइक्स्ट्रा यांच्या १९६८ मधील ‘गोटू’विरोधी पत्राचा प्रतिध्वनी आहे. (त्या पत्राचे गाजलेले शीर्षक डाइक्स्ट्रांचे नसून संपादक निकलॉस विर्थ यांनी दिलेले होते.) स्मिथ यांचा मुद्दा असा, की पार्श्वभूमीवर सोडून दिलेले काम हे गोटूसारखेच आहे : नियंत्रण कोठे गेले हे प्रोग्राम वाचून कळत नाही. म्हणून ट्रायोत प्रत्येक काम ‘नर्सरी’ नावाच्या खंडाच्या मालकीचे असते. खंडातील सर्व कामे संपल्याखेरीज खंड संपत नाही, आणि एका कामात त्रुटी आली की उरलेली रद्द होऊन ती त्रुटी खंडाबाहेर, म्हणजे मालकाकडे जाते. त्रुटी सांगावयाची कोणाला, या आरंभीच्या प्रश्नाला तिघांपैकी केवळ येथेच रचनेतून उत्तर मिळते. संरचित सहकालिकता ही संज्ञा मार्टिन सुस्ट्रिक यांनी २०१६ मध्येच वापरात आणली होती, हेही नमूद केले पाहिजे.

मिटविण्याबाबत ट्रायोचा करार तितकाच स्पष्ट आहे. ‘एक्लोज’ ही क्रिया सभ्य निरोपाचा प्रयत्न करते. तो फसला तरी परत येण्यापूर्वी तिने मूळ साधन मिटविलेच पाहिजे. तिच्यातून आलेली त्रुटी सभ्यता साधली नाही असे सांगते. जोडणी मिटली नाही असे नव्हे. असिंकआयओत हा भेद शब्दांत कोठेच मांडलेला नाही. शिवाय ट्रायोतील रद्दीकरण हा धक्का नसून स्थिती आहे. रद्द झालेल्या कक्षेत काम जेथे जेथे थांबू पाहील तेथे तेथे त्याला पुन्हा हटकले जाते. त्यामुळे आवरासावरीत अडकून पडण्याचा वर वर्णिलेला प्रसंग येथे घडत नाही.

तथापि या निर्णयाचीही किंमत आहे आणि ट्रायोच्या समर्थकांकडून ती पुरेशी मांडली जात नाही. रद्दीकरणानंतर थांबताच येत नसेल, तर निरोपही घेता येत नाही. टीएलएसमध्ये संभाषण संपल्याची ‘क्लोज-नोटिफाय’ ही सूचना सुरक्षेचा भाग आहे. ती न येता जोडणी संपली, तर मजकूर मध्येच कोणी कापला की तो खरोखर संपला, हे समोरच्याला सांगता येत नाही. रद्दीकरणातही ही सूचना पाठवावयाची असल्यास प्रोग्रामरला ढाल असलेली वेगळी कक्षा उघडून तिला स्वतःची मुदत द्यावी लागते. म्हणजे ट्विस्टेडने प्रोग्रामरवर सोपविलेला ‘किती वेळ वाट पाहावयाची’ हा निर्णय येथेही त्याच्याच पदरी येतो. फरक इतकाच, की तो घेतला नाही तर ट्विस्टेडमध्ये जोडणी अडकते आणि ट्रायोमध्ये ती सभ्यतेविना मिटते. सेवा चालू ठेवण्याच्या दृष्टीने दुसरी हानी लहान आहे, म्हणून ट्रायोचा कौल योग्य ठरतो. तो विनामूल्य मात्र नाही.

ऑक्टोबर २०२२ मधील पायथन ३.११ ने ‘टास्कग्रुप’ व ‘एक्सेप्शनग्रुप’ स्वीकारून नर्सरीची कल्पना प्रमाण लायब्ररीत आणली. कामांची मालकी आली आणि एकाच वेळी आलेल्या अनेक त्रुटी एकत्र वाहून नेण्याची सोयही आली. रद्दीकरण मात्र पूर्वीचेच, एका धक्क्याचे राहिले. परिणामी टास्कग्रुपमधील एखादे काम ‘वेट_क्लोज्ड’वर अडकले, तर आता ते एकटेच अडकत नाही. सर्व कामे संपल्याखेरीज बाहेर पडावयाचे नाही या नियमामुळे संपूर्ण समूह त्याच्यासाठी खोळंबतो. असा प्रोग्राम कळफलकावरून थांबवू पाहिल्यास पहिल्या कंट्रोल-सीने मुख्य काम रद्द होते आणि खोळंबा तसाच राहतो, ३.११ च्याच नियमानुसार प्रक्रिया तत्काळ सोडविण्यासाठी कंट्रोल-सी दुसऱ्यांदा दाबावे लागते.